धुऱ्यावर कोण उभं?

१२ जानेवारी

मॅडम म्हणते रोज लिहा. एक पान तरी. काय लिहू? म्हणे मनात येईल ते, कोणी वाचत नाई. कोणी वाचत नाई तर लिहायचं काऊन? — म्हणे हात वळते. दहावीच्या पेपरात तीन तास लिहा लागते अंजनाबाई, तुमचा हात तर आत्ताच दुखते.

दुखते तर दुखू दे. पाचवी झाली न हातात विळा आला. पेन आता आला, सत्तेचाळीसाव्या वर्षी. सतरा नंबरचा फॉर्म भरायले गेली तर ऑफिसातला पोट्टा म्हणे, "पोरीचा फॉर्म हाय का बाई?" मी म्हणली, "पोरगी नागपुरात नर्स होऊन राह्यली. हा मायचा हाय. घे लिहून."

तीन निबंध दिले घरून करायले. लोकशाही आणि मी. ऊर्जेची बचत. माझे आवडते संगीत.

ऊर्जेची बचत! येईन तेव्हा वाचवीन. आमच्या बेलटोल्याच्या वावराले वीज एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रातची. तार एक, गावं दोन — आम्ही न जंगलाच्या पट्टीपलीकडचं कासराळा. आम्हाले दिवसाची असली का त्यांना रातची. त्यांना दिवसाची का आम्हाले रातची. उन्हाळी धानाले पाणी तर पाहिजेच. मंग रातच्या हप्त्यात मान्सं अंधारात मोटार चालू करायले जातेत. जंगलाच्या कडेनं. ज्या वाटेनं वाघ जाते त्याच वाटेनं.

मॅडमले विचारलं, हे लिहू का? म्हणते, "तसं नाही. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करावा, असं लिहायचं असतं."

१५ जानेवारी

रातचा हप्ता लागला.

नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाई, वहीत लिहायले काय जाते — वारलू. तर वारलू जेवून उठला, टॉर्च घेतला, काठी घेतली, न गळ्यात तो गाण्याचा डब्बा लटकवला. गावातले समदेच लटकवतेत. वाघानं आधीच ऐकावं न बाजूले व्हावं म्हणून. ज्याचं त्याचं गाणं ठरलेलं. लटारूचा डब्बा म्हणजे लगनाचा बँड, धाड धाड धाड. कोणी भजन लावते, कोणी नाटकातली पेटी.

आमच्याचा डब्बा म्हणजे मी!

मागच्या वर्षी धानाच्या रोवण्यात पोरीनं, संघप्रियानं, मोबाईलात भरून ठेवलं होतं. चिखलाच्या बांधीत बायांच्या दोन ओळी, एक विचारते, एक सांगते; धुरा म्हणजे मॅडमच्या भाषेत शेताचा बांध —

धुऱ्यावर कोण उभं वो, धुऱ्यावर कोण?
मीच उभी वो बाई, मीच उभी.

तेच लावून फिरते. अख्ख्या शिवारात माहा आवाज. मी म्हणली, "दुसरं काई भेटत नाई का जी? लाज वाटते." म्हणते, "घरात ज्या आवाजाले मी भेतो, त्याले वाघ नाई भेणार का?"

चांगलं ऐकवलं. पण खरं सांगतो, पडल्या पडल्या तो आवाज ऐकू येते तोवर बरं वाटते. माणूस कुठपर्यंत गेला ते समजते. समद्याच बाया अशा कान लावून पडतेत. गाणं आहे म्हणजे माणूस आहे.

१८ जानेवारी

रविवार. सिंदेवाहीत शिकवणी. बीजगणित. डोकं उठलं.

माह्या बाजूले रिना बसते. कासराळ्याची सून, पंचविशीची. दहावीत गणितात राह्यली होती, आता परत बसली. मले म्हणते, "मावशी, क्ष म्हणजे ज्याचा पत्ता नाई तो. त्याले शोधून काढायचं." मी म्हणली, मंग रातच्या हप्त्यात आमचा माणूस क्षच होय. हसली. म्हणते, "आमचाबी!"

ती मले गणित सांगते, मी तिले रोवण्याची गाणी. तिच्या माहेरी कापूस, रोवणा तिनं पाह्यलाच नव्हता. आवाज मात्र बारीक न लांब जाणारा. चाल पटकन उचलते.

२१ जानेवारी

लटारूले वाघानं नेलं. मोटारीच्या पेटीजवळून.

आज लिहित नाई.

२३ जानेवारी

लिहितो. नाई लिहिलं तर डोक्यातून जात नाई.

बुधरीजवळ बसली होती. लटारूची बायको, रोवण्यात माह्या समोरच्या ओळीत राहते. रडत नाई. एकच गोष्ट घडी घडी सांगते. "गाणं वाजून राह्यलं होतं वो अंजनाबाई. पहाटे उठली तरी वाजून राह्यलं होतं. मी म्हणलं, पाणी पुरलं नसन, बसला असन धुऱ्यावर. लेकीले म्हणलं, नीज, बापाचं गाणं चालू हाय."

डब्बा धुऱ्यावर पडला होता. वाजतच होता. चार्जिंग तिनंच भरून दिलं होतं सांजेले.

मीही ऐकलं होतं ते. धाड धाड धाड. म्हणली, हा लटारू आज लय वेळ बसला — न कूस बदलून झोपली. अख्ख्या गावानं ऐकलं. एकही माणूस उठला नाई, कारण गाणं चालू होतं! बंद पडलं असतं तर धावलो असतो न.

डब्ब्याले काय समजते? त्याले बॅटरी पाहिजे, माणूस नाई.

२६ जानेवारी

झेंडा झाला, ग्रामसभा झाली. मी कधी बोलत नाई, बोलली तर भांडण होते म्हणून. आज बोलली.

कायम दिवसाची लाईन पाहिजे असा ठराव घ्या म्हणली. सरपंच म्हणे विषय पत्रिकेत नाई. मी म्हणली, "लटारू कोणत्या पत्रिकेत होता जी?"

एक जण म्हणे, वीज आपल्या हातात हाय का? सोलरचे फॉर्म भरले न आपण, नंबर येईन. — येईन! नंबर येईपर्यंत कोणाकोणाचा नंबर लागते ते पाहा.

मॅडमच्या पुस्तकात लिहिलं आहे, ग्रामसभेत गावातला हरेक मतदार बसू शकते न बोलू शकते. मले वाटायचं ते शहरातल्यांसाठी लिहिते. हात वर करा म्हणल्यावर पहिला हात बुधरीचा. मंग बायांचे. मंग मान्सांचे, खाली पाहून.

ठराव झाला. वारलू वाटेनं म्हणते, "तू तर पुढारीण झाली." मी म्हणली, चूप चाला, भात टाकायचा आहे.

२९ जानेवारी

ठरावानं लाईन बदलत नाई. रातचा हप्ता परत लागला.

डब्बा कोठीत टाकून दिला. वारलू चिडला. "गाण्याबिगर जाऊ का?" मी म्हणली गाण्याबिगर नाई. गाणं मी इथून म्हणीन, घरामागच्या सांदवाडीतून. आपलं घर गावाच्या टोकाले आहे, वावरात ऐकू जाते. मी विचारीन, तुम्ही सांगायचं. रोवण्यात कसं एक ओळ विचारते न दुसरी सांगते — तसंच. तोंडानं. सांगितलं नाई तर मी अख्खं गाव उठवीन.

"मले गाता येते का?"

"जिवंत आहात एवढंच सांगायचं आहे जी. सूर कोण मागून राह्यलं!"

गेला. मी ओरडून म्हणली — धुऱ्यावर कोण उभं वो, धुऱ्यावर कोण? थोडा वेळ काईच नाई. मंग अंधारातून असा आवाज आला का गल्लीतले कुत्रे भुंकायले लागले — "मीच उभी वो बाई, मीच उभीऽऽ!"

सकाळी मी म्हणली, उभी काऊन? उभा म्हणा न! म्हणते, "गाण्यात जसं हाय तसंच म्हणीन. मी बाईचं गाणं बिघडवत नाई."

२ फेब्रुवारी

आता अर्धं गाव गाते. सांदवाडीत बाया जमतेत. एकेक जण आपापल्या माणसाले विचारते, तो सांगते. बेसूर, घोगरे, खोकणारे, समदे "मीच उभी". काल एक जण लाजून पुटपुटला, तर त्याची बायको ओरडली, "जोरानं! का मी येऊ तिथी?" हसून हसून पोट दुखलं.

एक नियम केला मी. ज्याले विचारलं त्यानंच बोलायचं. शेजारच्या बांधीतल्यानं त्याच्यासाठी उत्तर द्यायचं नाई. मीही नाई, कोणीच नाई. उसना आवाज दिला तर तो डब्बाच झाला.

बुधरी येते. ती विचारत नाई. कोणाले विचारन? कोपऱ्यात उभी राहून ऐकते. उत्तर यायले उशीर झाला का आधी तिले समजते.

४ फेब्रुवारी

वीज ऑफिसात गेलो आम्ही बाया, ठरावाचा कागद घेऊन. साहेबाचं नाव निकेश. पोरगाच आहे, चंद्रपूरचा. खुर्च्या दिल्या, चहा दिला. चांगला आहे. पण चहानं मोटार चालत नाई.

म्हणे, "काकू, शेड्यूल वरून येतं."

"वरून म्हणजे कुठून? वीज तुमच्या चंद्रपुरात बनते न? कोळसा इथचा, राख इथची. तिथच्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळं पडते, माही नणंद राहते तिथी, मले माहीत आहे. मंग बटन इथच्या माणसाच्या हातात काऊन नाई?"

त्यानं कागद ओढला. मंग कागदावर रेघा मारून दाखवायले लागला. "हे पाहा, या फीडरवर लोड ठरलेला आहे. एकाला कायम दिवसा दिली तर —"

"तर-बिर काई नाई! आमचा माणूस गेला. कायम दिवसाची. लिहून घ्या."

त्यानं लिहून घेतलं. आम्ही उठलो. मले लांबण लागलेलं चालत नाई.

८ फेब्रुवारी

शिकवणी. रिनाले गाण्याचं सांगितलं, पण तिले आधीच माहीत! म्हणते, "तुमचा हप्ता असला का आमच्याकडं वाऱ्यानं ऐकू येते मावशी. आता मीबी करतो." तिचा नवरा मिथुन. "तो गाते न मावशी, गोठ्यातली म्हैस उठून उभी राहते." चाल एका ठिकाणी चुकून राह्यली होती, 'कोण' वर लांबवायचं असते, ते दुरुस्त करून दिलं.

जाताना विचारते, "तुमचं दिवसाचं झालं का आमचंही होईन न?"

मी म्हणली, होईन न. काऊन नाई होणार?

१० फेब्रुवारी

संगीताचा निबंध लिहिला. मॅडमनं सांगितलं होतं, गायकाचं नाव, वाद्याचं नाव, मन प्रसन्न होते वगैरे लिहा. लिहिलं तसं थोडं. ढोलकीवर बाबासाहेबांच्या जयंतीची गाणी मले लय आवडतेत, खोटं काऊन बोलू. झाडीपट्टीच्या नाटकातली पेटीही. अंगावर काटा येते.

पण खरं आवडतं विचाराल तर सध्या एकच. अंधारातून येणारी ती बेसूर ओळ. ते लिहिलं नाई. मॅडम म्हणन, हे काय संगीत आहे.

लोकशाहीचं मात्र काई सुचत नाई. लोकशाही आणि मी. लोकशाहीत मी म्हणजे एक बोट. पाच वर्षांनी शाई लावतेत. बाकीच्या बाईचं काय?

१३ फेब्रुवारी

ती बाकीची बाई आज कोणाले तरी पाहिजे झाली!

वामनराव आले होते. पंचायत समितीले उभे आहेत. छपरीत बसले, पाणी घेतलं, चहा घेतला, संघप्रियाची चौकशी केली. मी विळ्यावर भाजी चिरून राह्यली होती. म्हणली, "कामाचं बोला भाऊ."

"अंजनाबाई, तुमच्या आवाजाची बात पुऱ्या तालुक्यात हाय. एक गाणं पाहिजे माह्या प्रचाराचं. तुमचं महिला मंडळ मागं, तुम्ही पुढं. गाडीवर लावू. बदल्यात मंडळाले नवा साऊंड. माईक, मशीन, दोन मोठे बॉक्स. जयंतीले वाजवा! न वाघाचं म्हणाल तर असा साऊंड लावा, वाघ इकडं तोंड नाई करत."

मी म्हणली, "आवाजानं वाघ पळत असता तर लटारू पळवूनच आला असता भाऊ."

मंग मी सांगितलं — बेलटोल्याले कायम दिवसाची लाईन आधी. गाणं मंग. साऊंड नको.

"हे माह्या हातात नाई न बाई."

"मंग माहा गळाही माह्या हातात नाई."

उठले. पायरीवरून म्हणतेत, "लय कडक बाई हाय बुवा." वारलू तिथीच उभा होता. म्हणे, "मले सांगता का जी?"

१४ फेब्रुवारी

मंडळ पेटलं. इंदुताई, आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, घरी आल्या. आवाज चढवूनच.

"तुले कोणी सांगितलं नको म्हणायले? मंडळ तुह्या एकटीचं हाय का? चौदा एप्रिलले त्या फाटक्या माईकात गायचं? मागच्या वर्षी बुद्धवंदनेत शिट्ट्या वाजल्या त्याच्यात! दुसऱ्या गावचे लोक हसले."

खरं आहे. हसले होते. मलेही लागलं होतं.

मी म्हणली, "ताई, मॅडम सांगत होती, बाबासाहेब दिल्लीत मंत्री होते तेव्हा विजेचं न पाण्याचं खातं त्यांनी पाह्यलं. देशात वीज कशी न्यायची ते ठरवलं. आपण जयंतीले त्यांची गाणी म्हणतो. न त्यांची वीज आपल्या माणसाले अंधारात वाघासमोर नेते. मोठ्या साऊंडमधी हे गाऊ का?"

"शाळेत गेली तेव्हापासून तोंड वाढलं तुहं."

"तोंड आधीपासूनच होतं. आता पुस्तक आलं."

बाया दोन बाजूंनी झाल्या. अर्ध्या म्हणे साऊंड घेऊन टाकू, लाईनचं कोणाले माहीत येते का नाई. कोण कोणाचं ऐकून राह्यलं काई समजेना. तेवढ्यात पायरीवर बुधरी. ती मंडळात नाई, आमच्या समाजाची नाई, ती गोंड. पण आली. हातात तो डब्बा. लटारूचा.

म्हणे, "साऊंडच पाहिजे न? हा न्या. चांगला वाजते. माणूस गेला तरी वाजते."

ठेवला इंदुताईंच्या पुढ्यात न गेली.

कोणी हात लावला नाई. मंग इंदुताईंनी पदरानं तो डब्बा पुसला. म्हणे, "अंजना, वामनरावले मंडळाकडून सांग. लाईन आधी."

डब्बा बुधरीले त्यांनी स्वतः नेऊन दिला.

२० फेब्रुवारी

परीक्षा सुरू. मराठी. ऊर्जेच्या बचतीवर निबंध आला! बाहेर पडताना दिवा बंद करावा हे लिहिलं. मंग खाली अजून एक पान लिहिलं. ते मॅडमनं सांगितलेलं नव्हतं.

हात दुखला. दुखू दे.

२६ फेब्रुवारी

वामनराव परत आले. शिफारसपत्र घेऊन. शिक्का आहे, सही आहे. मी म्हणली, हे मोटारीले लावून पाहू का? चालू होते का? हसले. राग नाई आला त्यांना. आता मतदान जवळ आलं आहे न, राग परवडत नाई.

गाडी त्यांची फिरते, गाण्याबिगर. नुसतं "विजयी करा विजयी करा". पोट्टे म्हणतेत, भाऊ, गाणं नाई का तुमच्याकडं? लागते बरोबर.

२८ फेब्रुवारी

काल वारलूचं उत्तर आलं नाई.

तीनदा विचारलं. बुधरीनं माहा हात धरला, एवढा घट्ट का बांगडी रुतली. मी "चला" म्हणायले तोंड उघडलं, बाया टेंभे घेऊन निघालोच होतो, न आवाज आला. "मीच उभी!" — नाल्यात घसरला होता. पाय मुरगळला. तोंडात चिखल होता म्हणते.

घरी आल्यावर इतकी बोलली मी त्याले, इतकी बोलली. मंग पायाले हळद लावली.

आज गणित. क्ष सापडला. रिना बाहेर भेटली, तिलेही सापडला. दोघींचा एकच आला!

५ मार्च

राज्यशास्त्र. ग्रामसभेचं महत्त्व लिहा. आयला! मी आमची ग्रामसभाच लिहून टाकली. सरपंच काय म्हणे, मी काय म्हणली, कोणाचा हात पहिला वर गेला. नाव टाकायचं नसते म्हणून बुधरीचं नाव नाई टाकलं, 'एक महिला' लिहिलं. जागा पुरली नाई, पुरवणी घेतली.

लोकशाही आणि मी हा निबंध आता सुचला. आता काय उपयोग.

१० मार्च

आली! आली! आली!

आदेश निघाला. बेलटोल्याले कायम दिवसाची लाईन. सकाळपासून सांजपर्यंत. लाईनमन स्वतः सांगायले आला. वामनराव मागच्या गाडीत. म्हणे, "बोललो होतो न बाई? बोललो का नाई?" बोलले नव्हते. पण केलं. कबूल.

समदे वावरात गेलो, उन्हात. बाया, मान्सं, लेकरं. वारलूनं स्टार्टर दाबला न पाणी धाडकन आलं. दिवसा उजेडी! पाण्यात ऊन चमकून राह्यलं होतं. हप्त्याआड दिसणारंच पाणी, पण आता ते कायमचं दिवसाचं. वारलू धुऱ्यावर उभा राह्यला न कोणी विचारलं नसताना ओरडला, "मीच उभीऽऽ!" लंगडत नाचलासुद्धा.

बुधरीनंही आपली मोटार चालू केली. एकटीनं. आम्ही दूर उभ्या राह्यलो. तिनं पेटीले हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, मंग बटन दाबलं.

१२ मार्च

शब्द दिला होता, पाळला. वामनरावचं गाणं म्हणलं. मंडळ मागं, मी पुढं. मोबाईलात भरून नेलं. गाडीवर वाजून राह्यलं आता, दिवसभर माहा आवाज गावोगाव. बरं नाई वाटत ऐकायले. पण सौदा तो सौदा.

साऊंड घेतला नाई. जयंतीले फाटक्या माईकातच गाऊ.

१५ मार्च

मतदान केलं. कोणाले केलं ते वहीतही लिहित नाई. गुप्त असते, पुस्तकात आहे.

१७ मार्च

झोप लागते. किती वर्षांनी! सांदवाडीत कोणी जमत नाई आता. इंदुताई म्हणतेत, करमत नाई वो. मी म्हणली जयंतीची तालीम करा, करमन.

रिनाले पेढे द्यायचे आहेत. फोन लावला, उचलत नाई. मोहफुलं सुरू झाली, पहाटे उठून वेचायले जात असन न दुपारी झोपत असन. संघप्रियाले समदं सांगितलं. म्हणते, "आई, तू तर आंदोलन केलं." मी म्हणली, आंदोलन-बिंदोलन काई नाई, गाणं म्हणलं नाई एवढंच.

१८ मार्च

जेवून हात धुऊन राह्यली होती. वारा कासराळ्याकडचा. बोडीच्या पाण्यापलीकडून आवाज आला —

धुऱ्यावर कोण उभं वो, धुऱ्यावर कोण?

रिना. 'कोण' वर लांबवलं, मी शिकवलं तसंच.

हप्ता बदलून गेला. आज त्यांची दिवसाची असाले पाहिजे होती. नाई. आता कधीच नसणार. तार एक, गावं दोन. आमचा दिवस त्यांच्यातून काढून दिला. निकेश साहेब हेच सांगून राह्यला होता रेघा मारून. मी तर-बिर म्हणली.

उत्तर आलं नाई. तिनं परत विचारलं. माह्या तोंडात शब्द आला होता, तोंडावर हात दाबून धरला. नियम माहाच आहे.

मंग आलं. दुरून, घोगरं — मीच उभी वो बाई, मीच उभी.

सकाळी कासराळ्याले जातो. बुधरी येते म्हणली. तिथून दोन्ही गावं वीज ऑफिसात. या वेळी साहेबाचं पुरतं ऐकीन. मंग बोलीन.